वीज कुठे पडली? गुरुत्वीय लहरी, गॅमा किरण आणि आपला ॲस्ट्रोसॅट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.)

कुणी बागेत असेल, कुणी एसटीत, कुणी मार्केटच्या गेटबाहेर ट्रॅक्टरच्या लाइनीत. इअरफोन नीट लावा, कारण आजचा इतिहास जरा वेगळा आहे. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आणि यातला महत्त्वाचा भाग तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत घडलाय. आपण तेव्हा मोबाइलवर दुसरंच काहीतरी बघत होतो, एवढंच.

सुरुवात आपल्या पिंपळगाव बसवंतमधूनच करू. मार्च महिना. द्राक्षं वेलीवर, निम्मा माल अजून काढायचाय. रात्री आभाळ भरून येतं आणि घरातली सगळी माणसं ओट्यावर येतात. वीज चमकली की आजोबा मोजायला लागतात: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... मग गडगडाट. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. म्हणजे वीज दोन किलोमीटरवर. आणि चमकली कुठे? वणीच्या अंगाला की चांदवडच्या? त्यावर सगळं अवलंबून. गारा आपल्या बागेवर येणार की पुढे सरकणार, याचा अंदाज त्यावरूनच.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या गडगडाटावरून दिशा नीट कळत नाही. तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. दिशा कळते ती उजेडामुळे. कानाला कळतं की काहीतरी मोठं झालं. कुठे झालं, ते डोळ्याला कळतं.

आजची सगळी गोष्ट एवढीच आहे. विश्वातला गडगडाट म्हणजे गुरुत्वीय लहरी. विश्वातली वीज म्हणजे गॅमा किरणांचा लखलखाट. दोन्ही एकाच घटनेतून आले हे सिद्ध करायला माणसाला किती वर्षं लागली, आणि त्यात मुंबई-पुण्याच्या लोकांनी काय केलं, ते आज बघू.

चोरून केलेला अणुस्फोट शोधताना

गोष्ट सुरू होते 1963 साली. अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांच्यात करार झाला की हवेत, पाण्याखाली किंवा अंतराळात अणुचाचणी करायची नाही. करार झाला, पण विश्वास कुणाचा कुणावर? म्हणून अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडायला सुरुवात केली. अणुस्फोट झाला की गॅमा किरण निघतात. ते पकडायचे आणि चोरी उघड करायची, एवढंच त्यांचं काम. थोडक्यात, आकाशातले वॉचमन.

2 जुलै 1967 रोजी वेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झटका नोंदवला. तो अणुस्फोटासारखा नव्हता. पुढे असे झटके येतच राहिले. वेगवेगळ्या उपग्रहांवर ते पोहोचण्याच्या वेळेत किंचित फरक असायचा. त्या फरकावरून हिशोब केला तेव्हा कळलं की हे पृथ्वीवरून येत नाहीत आणि सूर्यावरूनही येत नाहीत. ते लांबून कुठूनतरी येताहेत. 1973 साली हे जगासमोर आलं, तेव्हा त्यात अशा 16 झटक्यांची नोंद होती. त्यांना नाव मिळालं गॅमा किरण स्फोट.

गंमत बघा. शेजाऱ्यावर नजर ठेवायला कॅमेरा लावला आणि त्यात भलतंच काहीतरी टिपलं गेलं.

पण हे स्फोट किती लांब होतात? आपल्या आकाशगंगेत, की त्याच्याही पलीकडे? यावर जवळजवळ 25 वर्षं वाद चालला. तो मिटला 1997 साली. मे महिन्यातल्या एका स्फोटानंतर मागे उरलेला मंद उजेड हवाईमधल्या केक दुर्बिणीने तपासला गेला. अंतर निघालं काही अब्ज प्रकाशवर्षं. ते काम कॅल्टेक या संस्थेच्या गटाने केलं आणि त्या गटात होते श्रीनिवास कुलकर्णी. जन्म 1956, गाव कुरुंदवाड, जिल्हा कोल्हापूर. पुढे हुबळीत वाढले, अमेरिकेत गेले. 2024 सालचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला.

तर स्फोट फार लांबचे आहेत हे ठरलं. मग ते होतात कशाने? त्यांचे दोन प्रकार दिसत होते. दोन सेकंदांपेक्षा जास्त चालणारे आणि दोन सेकंदांच्या आत संपणारे. लांब चालणारे बहुतेक मोठ्या ताऱ्याच्या मरणातून येतात, हे हळूहळू पटलं. छोट्या स्फोटांबद्दल एक अंदाज 1989 पासून मांडलेला होता: दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळत असावेत. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेलं. असे दोन आदळले तर उजेडही निघेल आणि अवकाशालाच हादरा बसेल. तो हादरा म्हणजे गुरुत्वीय लहर.

अंदाज चांगला होता. पुरावा नव्हता. पुराव्यासाठी गडगडाट आणि वीज, दोन्ही एकाच वेळी पकडायला हवे होते.

बाजाराच्या गोंगाटात ओळखीचा आवाज

गडगडाट ऐकण्याचं काम अमेरिकेत लायगो नावाच्या दोन केंद्रांनी अंगावर घेतलं. एक हॅनफर्डला, दुसरं लिव्हिंग्स्टनला. दोघांत 3,000 किलोमीटरचं अंतर. प्रत्येक ठिकाणी चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आणि त्यात लेझर. लहर आली की बाहूंची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्या हालचालीत ट्रकची धडधड, समुद्राच्या लाटा, जमिनीची कुरकुर असं सगळं मिसळलेलं असतं.

मग खरा सिग्नल ओळखायचा कसा? इथे पुणे येतं. पुण्यात आयुका ही संस्था आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली. तिथे संजीव धुरंधर 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून याच प्रश्नावर काम करत होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध 1991 साली आला. तेव्हा लायगोची केंद्रं उभीसुद्धा नव्हती.

त्यांची पद्धत आपल्या मार्केटमध्ये समजून घेता येईल. लिलाव चालू आहे. शंभर माणसं एकदम बोलताहेत, हॉर्न वाजताहेत. तरी तुमच्या काकांनी हाक मारली की तुमची मान वळते. का? कारण तो आवाज तुमच्या डोक्यात आधीपासून आहे. त्याचा साचा तयार आहे. तसंच, दोन तारे आदळताना लहर कशी दिसेल याचे साचे गणिताने आधीच बनवून ठेवायचे आणि येणाऱ्या गोंगाटावर ते एकेक करून लावून बघायचे. जुळला की पकडला. लायगोच्या विश्लेषणात आज हीच पद्धत पायाभूत आहे.

चौदा दिवसांनी हुकलेली गाठ

आता दोन तारखा ऐका.

14 सप्टेंबर 2015. आपल्या घड्याळात दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं. लायगोला पहिली गुरुत्वीय लहर मिळाली. दोन कृष्णविवरं आदळली होती. एक सूर्याच्या सुमारे 36 पट, दुसरं 29 पट. अंतर सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षं. लिव्हिंग्स्टनला लहर आधी पोहोचली, हॅनफर्डला सात मिलिसेकंदांनी.

28 सप्टेंबर 2015. श्रीहरिकोट्याहून सकाळी 10 वाजता पीएसएलव्ही-सी30 उडालं आणि भारताची पहिली अंतराळ वेधशाळा, ॲस्ट्रोसॅट, 650 किलोमीटर उंचीवर गेली.

मध्ये फक्त 14 दिवस. पहिला गडगडाट झाला तेव्हा आपला डोळा अजून जमिनीवर होता.

बरं, अंतराळातच का जायचं? कारण गॅमा किरण आपलं वातावरण खाली येऊच देत नाही. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, पण खगोलशास्त्रज्ञाला त्यासाठी वर जावं लागतं. मुंबईच्या टीआयएफआरने हैदराबादहून मोठे फुगे सोडून वर्षानुवर्षं अशी निरीक्षणं केली. ॲस्ट्रोसॅट ही त्या परंपरेची पुढची पायरी.

ॲस्ट्रोसॅटवर पाच उपकरणं आहेत. आपल्या गोष्टीतलं उपकरण म्हणजे सीझेडटीआय. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे 64 तुकडे चार चौकोनांत बसवलेले. टीआयएफआरच्या नेतृत्वाखाली आयुका आणि इस्रोची केंद्रं अशा अनेकांनी मिळून ते बनवलं. टीआयएफआरचे ए. आर. राव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य आणि पुढे आयआयटी मुंबईत गेलेले वरुण भालेराव ही या कामातली ठळक नावं. उपकरणाचा डेटा बंगळुरूजवळच्या केंद्रात उतरतो आणि त्याच्यावरची प्रक्रिया पुण्यात आयुकात होते.

तसं सीझेडटीआय समोरच्या एका ठिकाणाकडे बघायला बनवलेलं. क्ष-किरण जिथे संपतात आणि गॅमा किरण जिथे सुरू होतात, त्या सीमेवर ते काम करतं. पण त्यात एक फायदा दडलेला आहे. तुम्ही खोलीचं दार लावलं तर बाहेरचा उजेड अडतो. पण गल्लीत डीजे लावला असेल तर बास भिंतीतून आत येतोच ना? तसंच इथे. कमी ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंती अडवतात. पण 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण भिंती भेदून बाजूने, मागून, कुठूनही आत येतात. त्यामुळे जोरदार स्फोट कुठेही झाला, तरी सीझेडटीआयला तो जाणवू शकतो. फक्त मध्ये पृथ्वी नको. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

6 ऑक्टोबर 2015 रोजी उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याने एक गॅमा किरण स्फोट पकडला. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याने आपला 600 वा स्फोट नोंदवला.

‘हा तो नव्हे’ सांगणारा साक्षीदार

आता जानेवारी 2017. तारीख 4. लायगोला आणखी दोन कृष्णविवरांच्या धडकेची लहर मिळाली. अंतर सुमारे 300 कोटी प्रकाशवर्षं. जगभरच्या दुर्बिणींना निरोप गेला: आकाशाच्या एवढ्या पट्ट्यात कुठेतरी काहीतरी झालंय, बघा.

‘एवढ्या पट्ट्यात’ म्हणजे केवढ्या? पहिल्या लहरीच्या वेळी हा पट्टा सुमारे 600 चौरस अंशांचा होता. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण 0.2 चौरस अंश व्यापतो. म्हणजे 3,000 चंद्र मावतील एवढी जागा. दोनच केंद्रं असली की असंच होतं. ओझरच्या एचएएलवरून सुखोई उडालं की आवाजावरून आपण मान वर करतो आणि विमान भलतीकडेच दिसतं, तसं.

तर शोध सुरू झाला आणि हवाईमधल्या ॲटलास दुर्बिणींना त्या पट्ट्यात एक नवा उजेड सापडला. झपाट्याने मंद होणारा. ही ॲटलास खरं तर पृथ्वीवर आदळू शकतील अशा लघुग्रहांवर नजर ठेवणारी यंत्रणा. खळबळ उडाली. कृष्णविवरं आदळली तर उजेड निघू नये असं सर्वसाधारण मत. आणि हा उजेड त्याच धडकेचा असेल तर? मग पुस्तकं बदलावी लागतील. असा शोध आपल्या नावावर लागावा असं कुणाला वाटणार नाही?

इथे सीझेडटीआयची साक्ष महत्त्वाची ठरली. धडकेच्या क्षणी, लहर जिथून आली असू शकते त्या भागापैकी निम्म्याहून किंचित जास्त आकाश त्याच्या समोर उघडं होतं. भालेराव आणि सहकाऱ्यांनी लहरीच्या आधीचे आणि नंतरचे सेकंद चाळून काढले. काही नाही. पण दुसऱ्या दिवशी, 5 जानेवारीला, सीझेडटीआयला एक गॅमा किरण स्फोट दिसला होता. ॲटलासला सापडलेला उजेड ज्या गतीने ओसरत होता, त्यावरून उलटं मोजत गेलं की त्याची सुरुवात 4 तारखेच्या लहरीशी नाही, तर 5 तारखेच्या स्फोटाशी जुळत होती. वेगवेगळ्या दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र केल्यावर चित्र स्पष्ट झालं. तो उजेड त्या दुसऱ्याच स्फोटाचा होता. आकाशात एकाच दिशेला दोन घटना दिसल्या, हा निव्वळ योगायोग.

म्हणजे ॲस्ट्रोसॅटने सांगितलं काय? ‘हा तो नव्हे.’

असं सांगण्याला हेडलाइन कमी मिळते. पण विचार करा. कुणी हे तपासलंच नसतं, तर एक चुकीचा शोध पुस्तकात शिरला असता आणि पुढची पोरं तो पाठ करत बसली असती. कोर्टात जसा ‘मी तिथे होतो, हा माणूस तिथे नव्हता’ असं सांगणारा साक्षीदार लागतो, तसाच विज्ञानातही लागतो.

संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं

आणि मग आला 17 ऑगस्ट 2017. गुरुवार. भारतात संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं. लायगोमध्ये एक लांबलचक सिग्नल आला. हा कृष्णविवरांसारखा क्षणात संपणारा नव्हता. हलक्या वस्तू हळूहळू जवळ येत, वेग घेत आदळल्या होत्या. दोन न्यूट्रॉन तारे.

आणि 1.7 सेकंदांनी नासाच्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा छोटा झटका दिसला. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहालाही दिसला.

आजोबा ओट्यावर मोजतात ना, तेच. फक्त इथे गडगडाट आधी आला आणि वीज नंतर. आणि एक फरक समजून घ्या. आपल्याकडे आवाज मागे पडतो, कारण तो प्रकाशापेक्षा फार हळू धावतो. इथे तसं नाही. ही धडक झाली होती 13 कोटी प्रकाशवर्षांवर. पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते तेव्हा दोघं निघाले. 13 कोटी वर्षं धावले आणि पोहोचले 1.7 सेकंदांच्या फरकाने. तो फरकसुद्धा बहुतेक धडक होऊन गॅमा किरण बाहेर पडेपर्यंत गेलेल्या वेळेचा. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग एकच. आईनस्टाईनच्या सिद्धांताची याहून कडक परीक्षा कुठली?

इटलीतलं व्हर्गो केंद्र तेव्हा सुरू झालेलं होतं. गंमत म्हणजे त्याला सिग्नल अगदी क्षीण मिळाला, कारण घटना त्याच्या आंधळ्या भागात होती. पण त्यावरूनच दिशा आवळता आली. पट्टा सुमारे 30 चौरस अंशांवर आला. पुढच्या अकरा तासांच्या आत चिलीमधल्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत नवा उजेड सापडला. मग जगातल्या 70 हून जास्त वेधशाळा तिकडे वळल्या. त्या उजेडाच्या अभ्यासातून कळलं की अशा धडकेत सोनं, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. ही बातमी जगाला सांगितली गेली 16 ऑक्टोबर 2017 रोजी. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे धनत्रयोदशी होती. सोन्याच्या दुकानात गर्दी, आणि त्या सोन्याचा जन्म कसा होतो याचा पुरावा आदल्याच दिवशी जाहीर झालेला!

आता प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आपला ॲस्ट्रोसॅट कुठे होता?

तो सुरू होता. सगळं व्यवस्थित चालू होतं. पण त्या क्षणी त्याच्या आणि त्या दीर्घिकेच्या मध्ये पृथ्वी होती. बस. 650 किलोमीटर उंचीवरून बघताना पृथ्वी जवळजवळ 30 टक्के आकाश झाकते. त्या संध्याकाळी झाकलेल्या भागात नेमकी हीच घटना होती.

2015 साली 14 दिवसांनी हुकलं. 2017 साली पृथ्वी आडवी आली.

मग आपला उपग्रह वाया गेला का? नाही. पुन्हा तोच साक्षीदाराचा मुद्दा. फर्मीला झटका दिसला, पण फर्मीला नेमकी जागा सांगता येत नव्हती. सीझेडटीआयच्या गटाने आपला डेटा तपासला आणि काही दिसलं नसल्याचं कळवलं. जो भाग उघडा असून तिथे काही दिसलं नाही, तो बाद करता येतो. राहिला पृथ्वीमागचा भाग. गॅमा किरणांची जागा आवळायला या ‘न दिसण्याचीही’ मदत झाली. शोधाच्या निबंधात ॲस्ट्रोसॅटची नोंद आहे आणि पृथ्वी आड होती हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. काही लपवलेलं नाही.

टोमॅटोच्या दुसऱ्या गावाजवळ

गोष्ट इथे संपली नाही. पिंपळगावचे टोमॅटोवाले नारायणगाव मार्केट चांगलं ओळखतात. नाशिक-पुणे रस्त्यावर, सिन्नर-संगमनेर ओलांडून पुढे. त्याच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. रस्त्यावरून जाताना कित्येकांनी त्या लांबून बघितल्या असतील.

या धडकेनंतर रेडिओ लहरी लगेच आल्या नाहीत. पहिल्यांदा त्या अमेरिकेतल्या दुर्बिणीला सप्टेंबरच्या सुरुवातीला दिसल्या. जीएमआरटीही त्या जागेवर नजर ठेवून होती. सुरुवातीला तिलाही काही दिसलं नाही. पण निरीक्षण सोडलं नाही आणि पुढे कमी वारंवारतेवर तिला सिग्नल मिळाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि खोडद अशा तीन ठिकाणच्या निरीक्षणांवर आधारलेला, कुणाल मुळे हे प्रमुख लेखक असलेला निबंध 2018 साली ‘नेचर’मध्ये आला. इतक्या जवळ होऊनही गॅमा किरणांचा झटका एवढा फिका का होता, हे कोडं सोडवायला अशा रेडिओ निरीक्षणांनी मदत केली. धडकेतून निघालेला झोत थेट आपल्या दिशेने नव्हता. टॉर्च आपल्या डोळ्यावर नाही, बाजूला रोखलेला होता. आपल्याला दिसला तो कडेचा उजेड.

तीनशेत एक

आता आजचा हिशोब. 2025 पर्यंत गुरुत्वीय लहरींच्या सुमारे 300 घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या किती घटनांबरोबर गॅमा किरण खात्रीने दिसले? एक. तीच, 17 ऑगस्टची. लायगोच्या तिसऱ्या निरीक्षण फेरीतल्या घटनांसाठी आयआयटी मुंबईच्या गटाने सीझेडटीआयचा डेटा पुन्हा चाळला. खात्रीचं काही मिळालं नाही. तेही त्यांनी तसंच छापलं.

तीनशेत एक. का? बहुतेक धडका कृष्णविवरांच्या, त्यातून उजेडाची अपेक्षा कमीच. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडका थोड्या. त्यातही झोत आपल्याकडे नसतो. आणि सगळं जुळून आलं, तरी उपग्रहाच्या आड पृथ्वी येऊ शकते.

पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. चौथी आहे. एक उपग्रह असेल तर पृथ्वी आडवी येणारच. दोन असतील आणि पृथ्वीच्या दोन बाजूंना असतील, तर एकाचा आंधळा भाग दुसऱ्याला दिसेल. अगदी याच विचारातून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने एक प्रस्ताव तयार झालाय. नाव ‘दक्ष’. दोन उपग्रह, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना फिरणारे, सगळ्या आकाशावर नजर ठेवणारे. 17 ऑगस्टच्या संध्याकाळी जे झालं, त्याचं उत्तर त्या रचनेतच आहे.

आणि कानाचं काय? तो हिंगोली जिल्ह्यात बसतोय. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया. चार किलोमीटरचे बाहू, अमेरिकेतल्यासारखेच. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिका आणि युरोपपासून एवढ्या लांब एक कान असला की गडगडाट कुठून आला हे कितीतरी नेमकं सांगता येईल. कान मराठवाड्यात, रेडिओचा डोळा नारायणगावजवळ, गॅमा किरणांच्या डेटावर काम पुण्या-मुंबईत. इतक्या सगळ्या गोष्टी एका राज्यात असणं जगात फार ठिकाणी नाही.

पण यंत्रं असली म्हणजे झालं असं नाही. ॲस्ट्रोसॅट पाच वर्षं चालेल अशा हिशोबाने सोडला होता. 2025 मध्ये त्याला दहा वर्षं पूर्ण झाली. त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न आता थेट आपल्या दारात उभा आहे. पुढचे दोन न्यूट्रॉन तारे कधी आदळणार ते आपल्याला विचारून ठरणार नाही. त्यांच्या लहरी आणि त्यांचा उजेड कदाचित आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, पृथ्वीच्या वाटेवर असतील. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले. ते पोहोचतील तेव्हा आपला डोळा वर असेल की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

या इतिहासातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं की शोध म्हणजे ‘सापडलं!’ अशी आरोळी. पण सीझेडटीआयच्या लोकांनी वर्षानुवर्षं डेटा चाळून ‘दिसलं नाही’, ‘हा तो नव्हे’, ‘आमच्या आड पृथ्वी होती’ असं सरळ लिहिलं. त्या ‘नाही’मुळे बाकीच्यांचं ‘हो’ पक्कं झालं. बागायतदारालाही हे माहीत असतं. वीज वणीकडे चमकली, आपल्याकडे नाही, हे कळणंसुद्धा त्या रात्री केवढं मोठं असतं!

तर मंडळी, यंदा मार्चमध्ये आभाळ गडगडलं आणि घरातलं कुणी मोजायला लागलं, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. आणि त्यांना सांगा, असंच मोजत मोजत माणसाने 13 कोटी प्रकाशवर्षांवरची वीज शोधली. फरक होता फक्त 1.7 सेकंदांचा.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर पाठवा. प्रश्न असतील तर विचारा, पुढच्या भागात घेऊ. भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.